अंधाऱ्या घरांनी निवडलेली झाडं

गेल्या वर्षी श्रावणात आईनं सिन्नरहून एक तुळस पाठवली. मामा मुंबईला येणार होते, त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओल्या फडक्यात मुळं गुंडाळलेलं रोप. आमच्या अंगणातल्या वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खाली पडून उगवलेलं ते रोप होतं. मी ते माझ्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये हॉलच्या खिडकीत ठेवलं आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातलं. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडायला लागली. दसऱ्याच्या आत नुसत्या काड्या उरल्या.

हे मी आईला सांगितलं नाही. ती व्हॉट्सॲपवर विचारायची, "तुळस कशी आहे रे?" आणि मी पहिल्या आठवड्यात काढून ठेवलेले फोटो एकेक करून पाठवायचो. सत्तावीस वर्षांचा माणूस आईला झाडाबद्दल खोटं बोलतोय, हे लिहितानाही कसंतरी वाटतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. काही बंद पडलं की आधी लॉग बघायचे, ही सवय अंगात मुरलेली. झाडाचे लॉग नसतात, म्हणून फोनमध्ये उजेड मोजायचं एक ॲप टाकलं. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० च्या आसपास. चांगला उजेड असलेल्या ऑफिसात ३०० ते ५००. माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी दहा वाजता ७०० लक्स होते आणि सोफ्याच्या कोपऱ्यात ४०. फोनचं ॲप काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे, पण दहा-वीस टक्के इकडेतिकडे झाले तरी गोष्ट तीच. तुळशीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. मी तिला पाणी पाजत होतो आणि उपाशी ठेवत होतो.

आपल्याला हे कळत नाही, कारण आपले डोळे फसवे असतात. उजेड शंभरपट कमी झाला तरी बुबुळ मोठं होतं, मेंदू जुळवून घेतो आणि खोली 'बऱ्यापैकी उजेडाची' वाटते. झाडाला अशी सोय नाही. उजेड हेच त्याचं जेवण. शंभरपट कमी म्हणजे शंभरपट कमी.

मग मी कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेलो. तिथल्या दादांना म्हटलं, घरात ऊन येत नाही, काय देता? त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "स्नेक प्लांट, मनी प्लांट, झीझी. यातलं काहीही घ्या, मरणार नाही." नंतर बंगळूरच्या मित्राला विचारलं, पुण्यातल्या बहिणीला विचारलं, शिकागोत राहणाऱ्या कॉलेजच्या मैत्रिणीला विचारलं. सगळ्यांच्या घरात हीच झाडं. फुलं येणाऱ्या वनस्पतींच्याच जगात तीन लाखांवर जाती आहेत, आणि सिन्नर फाट्यापासून शिकागोपर्यंत अंधाऱ्या कोपऱ्यात हीच तीन-चार नावं. ही यादी केली कुणी?

याचं उत्तर शोधताना मी जवळपास दोनशे वर्षं मागे, लंडनच्या गोदीजवळच्या एका डॉक्टरच्या घरी पोचलो.

डॉक्टर आणि बाटली

नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागात, वेलक्लोज स्क्वेअरमध्ये राहणारा डॉक्टर. झाडांचं वेड, त्यातही नेच्यांचं. नेचे म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे घाटातल्या दगडांवर उगवतात ती कातरलेल्या पानांची झाडं. वॉर्डनं मागच्या अंगणात दगड रचून नेचे लावले. ते मेले. पुन्हा लावले, पुन्हा मेले. आजूबाजूला कारखाने आणि घरोघरी कोळशाच्या शेगड्या. हवेतल्या काजळीनं पानं गुदमरत होती.

१८२९ साली त्यानं एका पतंगाचा कोश बघण्यासाठी रुंद तोंडाच्या बाटलीत ओली माती घालून तो कोश पुरला आणि वर झाकण लावलं. पतंगाची वाट बघता बघता त्याला दिसलं की मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं वर आलंय. अंगणात जो नेचा जगत नव्हता, तो बंद बाटलीत आपोआप उगवला होता. दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमायचं, रात्री थेंब होऊन परत मातीत पडायचं. बाहेरची काजळी आत येत नव्हती. पाणी न घालता ती बाटली जवळजवळ चार वर्षं चालली.

वॉर्डनं मग लाकडाच्या चौकटीच्या काचपेट्या करून घेतल्या. १८३३ मध्ये नेचे आणि इतर झाडं भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून सिडनीला रवाना झाल्या. कित्येक महिन्यांचा प्रवास, खारं वारं, वाटेत गोडं पाणी जवळजवळ नाहीच. झाडं जिवंत पोचली. परत येताना त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातली झाडं लंडनला आली, तीही जिवंत. याआधी समुद्रावरून पाठवलेली बहुतेक झाडं वाटेतच मरायची. आता एका काचपेटीनं तो प्रश्न सोडवला होता. या पेटीला पुढे 'वॉर्डियन केस' म्हणायला लागले आणि १८४२ साली वॉर्डनं तिच्यावर पुस्तकही लिहिलं.

आपल्याकडच्या इतिहासात ही पेटी आडून आलेली आहे. १८४८ नंतरच्या काही वर्षांत रॉबर्ट फॉर्च्यून या माणसानं ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली, ती याच पेट्यांतून. सकाळी टपरीवर आपण जो कटिंग घेतो, त्याच्या मागे कुठेतरी वॉर्डची बाटली आहे. इंग्रजांच्या साम्राज्यासाठी ती पेटी जहाजाइतकीच कामाची ठरली. कुठल्या देशातलं कुठलं झाड उचलून कुठल्या वसाहतीत लावायचं, हे आता लंडनमध्ये बसून ठरवता येत होतं.

पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं हे की त्या काळात जगभरातली झाडं लंडनला पोचायला लागली. आणि लंडनमधली घरं अंधारी होती.

गॅसच्या दिव्याखाली

इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी कर वाचवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. काचेवरही वेगळा कर होता, तो १८४५ मध्ये उठला. म्हणजे दीडशे वर्षं तिथे उजेड ही सरकारी बिल येणारी गोष्ट होती. कर गेले, काच स्वस्त झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, पण तोवर शहर कोळशाच्या धुरानं भरलेलं होतं. शिवाय मध्यमवर्गीय घरात पुढच्या खोलीला जाड पडदे लावणं हे प्रतिष्ठेचं झालं होतं. ऊन आलं की गालिचे विटतात, फर्निचरचा रंग उडतो.

त्याच खोलीत संध्याकाळी गॅसचे दिवे लागायचे. हा गॅस कोळशापासून काढलेला. तो जळताना खोली तापायची, हवा कोरडी व्हायची. आणि न जळता नळीतून गळणाऱ्या गॅसमध्ये आणखी एक गोष्ट असायची, इथिलिन. केळी, आंबे पिकवायच्या खोल्यांत आज जो वायू सोडतात, तोच हा. झाडांसाठी तो संप्रेरकाचं काम करतो. पानं गळतात, कळ्या झडतात, कोंब वेडेवाकडे वाढतात. त्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं. झाडं मरतात एवढंच दिसत होतं. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधल्या दिमित्री नेल्युबोव या तरुण संशोधकानं वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवलं की दिव्याच्या गॅसमधला इथिलिनच हा गोंधळ करतो.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातली लंडनची दिवाणखान्याची खोली ही झाडांसाठी एक अवघड परीक्षा होती. उजेड कमी, हवेत काजळी आणि गॅस, कधी गरम तर कधी गारठा. जगभरातून आलेली शेकडो झाडं तिथे ठेवली गेली. बहुतेक नापास झाली. नेचे वॉर्डच्या काचपेटीत बसून पास झाले. आणि काचपेटीशिवाय जे झाड पास झालं, त्याचं नाव ॲस्पिडिस्ट्रा.

ॲस्पिडिस्ट्रा हे दक्षिण जपानजवळच्या बेटांवरचं, गर्द झाडीच्या सावलीत जमिनीलगत वाढणारं झाड. हळदीच्या पानासारखी लांब हिरवी पानं, आणि फुलं थेट मातीला टेकलेली, पटकन दिसणारही नाहीत अशी. जंगलाच्या तळाशी मोठ्या झाडांमधून गाळून जो थोडाफार उजेड येतो, त्यावर जगायची त्याला लाखो वर्षांची सवय. गॅसच्या खोलीतही ते टिकलं. इंग्रजांनी त्याला 'बिडाचं झाड' असं टोपणनाव दिलं, म्हणजे ओतीव लोखंडासारखं चिवट.

पुढे ते इतकं घराघरांत पोचलं की कंटाळवाण्या मध्यमवर्गीय आयुष्याचं चिन्ह झालं. १९३६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलनं एका कादंबरीच्या नावातच ॲस्पिडिस्ट्रा घातला. त्यातला नायक पैशाच्या मागे धावणाऱ्या जगाचा राग या कुंडीतल्या झाडावर काढतो. दोनच वर्षांनी ग्रेसी फील्ड्स या गायिकेचं जगातल्या सर्वांत मोठ्या ॲस्पिडिस्ट्राबद्दलचं विनोदी गाणं गाजलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शत्रूच्या रेडिओत घुसखोरी करायला एक प्रचंड ताकदीचा ट्रान्समीटर उभारला, त्याचंही गुप्त नाव 'ॲस्पिडिस्ट्रा' होतं. कुंडीतल्या झाडासाठी ही बरीच मोठी कारकीर्द.

आपण सोपी झाडं म्हणतो ती अशी निवडली गेली. कुणा तज्ज्ञानं बसून यादी केली नाही. घरं अंधारी होती, झाडं मरत गेली, आणि शेवटी जी उभी राहिली त्यांची यादी झाली.

तीन झाडं, तीन वाटा

नर्सरीवाल्या दादांची तीन झाडं मी घरी आणली. प्रत्येकाची वाट वेगळी निघाली.

स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं. उंच, तलवारीसारखी पानं आणि त्यांवर सापासारखे पट्टे. कुणी याला 'सासूची जीभ'ही म्हणतं. हे नाव ठेवणारा माणूस जावई असावा. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवा आत घेतात, तेव्हा पाणीही वाफ होऊन निघून जातं. स्नेक प्लांट हे काम रात्री उरकतं, म्हणून त्याला पाणी फार कमी लागतं. त्याचा एक भाऊबंद भारतातलाच आहे. त्याच्या पानांचा वाख इतका चिवट की त्यापासून धनुष्याच्या दोऱ्या वळत. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात 'मौर्वी' म्हणतात, म्हणजे मूर्वा या वनस्पतीपासून केलेली. ती मूर्वा हीच, असं काही अभ्यासक मानतात. कोपऱ्यातल्या शोभेच्या झाडाचं घराणं एके काळी युद्धावर जात होतं.

मनी प्लांट प्रशांत महासागरातलं, ताहितीशेजारच्या मोरेआ या छोट्याशा बेटावरचं. शास्त्रज्ञांनी त्याला १८८० मध्ये नाव दिलं. या झाडाची गंमत अशी की त्याला फुलं जवळपास येतच नाहीत. फुलं यायला लागणारं संप्रेरक तयार करणारा त्याचा एक जीन बिघडलेला आहे, हे २०१६ मध्ये कळलं. फुलं नाहीत म्हणजे बिया नाहीत. म्हणजे आपल्या घरातला मनी प्लांट हा कुणाच्या तरी घरातल्या वेलीचा तुकडा आहे, तो आणखी कुणाच्या वेलीचा, आणि असं करत करत माग थेट त्या बेटाकडे जातो. "मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो" असं आपल्याकडे म्हणतात. खरं तर तो दुसऱ्याकडून तोडून आणल्याशिवाय वाढतच नाही.

झीझीची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. हे पूर्व आफ्रिकेतल्या कोरड्या भागातलं झाड. मातीखाली बटाट्यासारखे कंद, त्यांत पाण्याचा साठा. जाडसर, चकचकीत पानं, प्लॅस्टिकची वाटावीत इतकी. लंडनच्या हॅकनी भागात लॉडिजेस नावाची प्रसिद्ध नर्सरी होती. वॉर्डच्या काचपेट्यांच्या प्रयोगांतही हीच नर्सरी त्याच्या सोबत होती. तिच्या प्रकाशनात या झाडाचं पहिलं वर्णन छापून आलं, तेही १८२९ मध्येच. बाटलीत नेचा उगवला त्याच वर्षी, त्याच शहरात. पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ते फार हळू वाढतं, आणि नर्सरीवाल्याला हळू वाढणारं झाड परवडत नाही. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, नेदरलँड्समधल्या नर्सऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर तयार करायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ते जगभरच्या एसी ऑफिसांत जाऊन बसलं. आमच्या कंपनीच्या रिसेप्शनवरही तेच आहे. तिथे ऊन नाही, खिडकी नाही, आणि पाणी घालायचं कोणाचं काम आहे हे कुणालाच माहीत नाही. झीझीसाठी आदर्श नोकरी.

नासाचं झाड

ही झाडं विकताना आज आणखी एक गोष्ट सांगितली जाते, "नासानं सिद्ध केलंय, हवा शुद्ध करतात." याची मुळं १९८९ च्या एका अहवालात आहेत. नासाच्या बिल वुल्व्हर्टन या शास्त्रज्ञानं छोट्या हवाबंद पेट्यांत झाडं ठेवून आत बेंझिन, फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं सोडली आणि ती किती कमी होतात ते मोजलं. ती कमी झाली. प्रयोग खरा होता.

पण आपलं घर हवाबंद पेटी नसतं. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे प्रयोग केलेले १२ शोधनिबंध एकत्र तपासले. दारं-खिडक्यांच्या फटींतून आपोआप जितकी हवा बदलते, तितकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. माझ्या हॉलमध्ये मग सोफा बाहेर काढावा लागेल, आणि मलाही. हवा हवी असेल तर खिडकी उघडावी. झाड आवडतं म्हणून आणावं, तेवढं कारण पुरेसं आहे.

वॉर्डची काचपेटी झाडाला शहराच्या हवेपासून वाचवत होती. दीडशे वर्षांनी आपण तशाच पेटीतला प्रयोग दाखवून म्हणतो की झाड आपल्याला वाचवेल. खिडकीबाहेरच्या हवेचं आणि उजेडाचं काय करायचं, हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूलाच राहिला. मुंबईत तो प्रश्न एकदा सरळ विचारला गेला होता.

साडेत्रेसष्ट अंश

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं व्हायला लागलं. जिथे दाट वस्ती, ओल आणि अंधार, तिथे रोग जास्त, असं तेव्हाचं सरकार मानत होतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सर्वमान्य व्हायचं होतं. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद करणं, दाट वस्त्या पाडणं, नवी घरं बांधणं हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती आणि बीआयटी चाळी ही सगळी त्याचीच कामं. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले ती परळची चाळ बीआयटीचीच.

या ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. त्यांना उजेडाचा ध्यास होता. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या घरांतल्या उजेड आणि हवेवर एक व्याख्यान दिलं, त्यात एका कोनाचा आग्रह धरला, साडेत्रेसष्ट अंश. हाच कोन लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात होता. गणित सोपं आहे. आपल्या भिंतीच्या तळाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघा. नजर जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त वर करावी लागली, तर तळमजल्याला पुरेसं आकाश दिसत नाही. या कोनाचा टॅन्जंट २ येतो. म्हणजे समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. बारावीत पाठ केलेली त्रिकोणमिती कुणाच्या तरी खोलीत ऊन आणायला वापरली गेली होती, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ट्रस्टची सगळी गोष्ट काही सुंदर नाही. जितकी घरं पाडली, तितक्या गरिबांना नवी मिळाली नाहीत. उजेड आणताना माणसंच हलवली गेली, आणि ती दुसऱ्या दाट वस्तीत जाऊन राहिली. तरीही एक गोष्ट मान्य झाली होती, की घरातला उजेड हा राहणाऱ्याच्या नशिबाचा भाग नाही, तो दोन इमारतींमधल्या अंतराचा हिशोब आहे आणि तो कुणीतरी करायचा असतो.

मी माझा हिशोब केला. समोरचा टॉवर चौदा मजली, साधारण ४२ मीटर. मधलं अंतर पावलांनी मोजलं, ६ मीटर. मी दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवर. माझ्या खिडकीतून टॉवरच्या माथ्याचा कोन येतो ८० अंशांच्या थोडा वर. तुळस मेली ती या कोनात.

आणि माझं घर तरी बरं आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत सात-सात, आठ-आठ मजली इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम ३ मीटर अंतर आहे. सात मजले म्हणजे सुमारे २१ मीटर. ऑर यांच्या नियमानं साडेदहा मीटर जागा हवी होती. ३ मीटरनं कोन येतो ८२ अंश. या वसाहतींत झालेल्या अभ्यासात जिथे ऊन-वारा कमी, तिथे क्षयरोग जास्त आढळला. तिथल्या तळमजल्यावर दिवसा ट्यूबलाइट लागते. 'कमी उजेडाच्या घरासाठी सोपी झाडं' हे वाक्य मी आता वाचतो, तेव्हा त्यातल्या पहिल्या तीन शब्दांवर थांबतो.

मग कुठलं झाड?

तरी झाड हवंच असतं. म्हणून दोनशे वर्षांच्या या परीक्षेतून मी माझ्यापुरतं जे शिकलो ते लिहून ठेवतो.

आधी उजेड मोजायचा, झाड नंतर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जिथे कुंडी ठेवणार तिथेच. दिवसाचे बरेच तास ५०० ते १,००० लक्स मिळत असतील तर स्नेक प्लांट, मनी प्लांट, झीझी, ॲस्पिडिस्ट्रा यांतलं काहीही चालेल. २५० च्या खाली ती वाढणार नाहीत, फक्त तग धरतील. ५० च्या खाली कुठलंच झाड जगत नाही. झीझी तिथे मरायला वर्ष घेईल, एवढाच फरक. ज्याला आपण सोपं झाड म्हणतो, ते बऱ्याचदा हळू मरणारं झाड असतं. अशा कोपऱ्यात झाड हवंच असेल, तर साधा पांढरा एलईडी दिवा फूटभर अंतरावर रोज दहा-बारा तास लावावा. नाहीतर कोपऱ्यात पुस्तकं ठेवावीत.

दुसरं म्हणजे पाणी. उजेड कमी तर झाडाचं काम कमी, आणि काम कमी तर पाणी कमी. रोज प्रेमानं पाणी घालून मुळं कुजवणं ही सर्वांत सोपी चूक. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. ओल लागली तर तांब्या परत ठेवायचा. झीझी आणि स्नेक प्लांटला तीन-तीन आठवडे विसरलं तरी चालतं, पावसाळ्यात त्याहूनही जास्त.

तिसरं, घरात रांगणारं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर झीझी, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट उंचावर ठेवावेत. पानं चावली तर त्रास होतो. ॲस्पिडिस्ट्रा त्या बाबतीत निर्धोक आहे. आणि पानांवरची धूळ ओल्या कापडानं पुसावी. आधीच थोडा उजेड, त्यात रस्त्यावरची धूळ वाटेकरी नको.

कार्तिकात आई मुंबईला आली. तुळशीच्या लग्नाला चार दिवस होते. दार उघडल्यावर तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली आणि खिडकीकडे बघितलं. तिथे झीझी होतं.

मी सगळं सांगितलं. फोटोंचंही. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग खिडकीशी गेली, गजांना गाल लावून वर बघितलं. टॉवरच्या वर आकाशाची एक पट्टी दिसते, तेवढीच.

"इथं ती कशी जगेल रे," ती म्हणाली. "मला फोनवर सांगायचंस ना, मी पाठवलीच नसती." आणि मग, "तू तरी कधी उन्हात जातोस का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी निघतो तेव्हा ऊन यायचं असतं, परततो तेव्हा गेलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर गेली. मी दोन वर्षं या इमारतीत राहतोय, गच्ची बघितली नव्हती. तिथे रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये सात तुळशी होत्या, एक कढीपत्ता आणि एक जास्वंद. खालच्या मजल्यांवरच्या बायकांनी आपापलं ऊन वर नेऊन ठेवलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आईला त्यांच्यातलं एक रोप दिलं. आठवी बादली आमची झाली. आता रविवारी सकाळी मी चहा घेऊन वर जातो, पाणी घालायचं निमित्त करून अर्धा तास बसतो.

निघताना आईनं बॅग भरली. मनी प्लांट तिला आवडला होता, सिन्नरला मोरीच्या खिडकीत लावायचा म्हणत होती. मी कात्री आणली आणि म्हटलं, "थांब, चांगला फुटवा बघून देतो."

"देऊ नकोस," ती म्हणाली. "तू जरा आत जा."